टिंब

आडनावाच्या रकान्यात टिंब होतं. आधी एक दिसलं, मग स्क्रीन खाली सरकवत गेले तशी टिंबंच टिंबं. मधूनच कुठे आडवी रेघ, कुठे 'एक्सवायझेड', कुठे पहिलं नावच पुन्हा लिहिलेलं. सरकारी कामात येऊन मला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. खासगी कंपनीतली नऊ वर्षं गाठीशी होती आणि असा कचरा दिसला की काय करायचं ते हाताला पाठ होतं. रकान्यावर कडक तपासणी लावायची, अक्षरांशिवाय काही घ्यायचंच नाही, जुन्या नोंदी साफ करून टाकायच्या. ती तपासणी मी लिहूनही काढली, अकरा ओळींची. ती लाइव्ह जायच्या आदल्या संध्याकाळी शेजारी बसणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कोड वाचला आणि विचारलं, "ही टिंबं टाकतं कोण, ते पाहून आलीस का?"

मी पाहून आले नव्हते. तपासणी थांबवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज घेतात त्या खिडकीमागे जाऊन बसले.

खिडकीवरचे काका तिथे पंचवीस वर्षं होते. आधी कागदी अर्ज, मग हिरव्या अक्षरांची काळी स्क्रीन, मग आमची वेबसाइट, सगळं त्यांनी त्याच खुर्चीत बसून पाहिलेलं. त्यांच्या कीबोर्डवर फुलस्टॉपची की घासून गुळगुळीत झाली होती. वरची खूण पुसून गेलेली. शेजारी एक शंभर पानी वही, कोपरे दुमडलेली. त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं: तारीख घेत नसेल तर एक पान मागे जाऊन परत यावे. फोटो मोठा म्हणत असेल तर पुन्हा तोच टाकावा, दुसऱ्यांदा घेतो. जन्मतारीख माहीत नसल्यास १ जानेवारी. आडनाव नसल्यास टिंब.

आमच्या सॉफ्टवेअरची अधिकृत माहितीपुस्तिका दोनशे पानांची होती. ती मी वाचली होती. या वहीतलं एकही वाक्य तिच्यात नव्हतं.

दुपारी एक मावशी आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत घडी घातलेलं प्रमाणपत्र. त्या तक्रार करायला आल्या नव्हत्या. कागद उलगडून त्यांनी काचेच्या फटीतून आत सरकवला आणि नावाच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांचं नाव, नावापुढे एक जागा सोडून टिंब. "ह्या ठिपक्याचं काय करू?" त्यांनी विचारलं. दुसऱ्या कार्यालयात पेन्शनच्या कामासाठी त्या हा कागद घेऊन गेल्या होत्या. तिथल्या यंत्रानं नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत केला. तिथल्या माणसानं सांगितलं, जिथून कागद आणलात तिथून दुरुस्त करून आणा. हा त्यांचा तिसरा हेलपाटा होता. पहिल्या खेपेला खिडकी बंद मिळाली, दुसऱ्या खेपेला सर्व्हर.

मावशींना आडनाव नव्हतं. जन्मल्यापासून एकच नाव. ते सांगताना त्यांचा आवाज खाली गेला, जणू काही कागदपत्र घरी विसरून आल्या आहेत. काका म्हणाले, "मॅडम, आपल्या फॉर्ममध्ये तिथे लाल तारा आहे. रिकामं सोडलं तर पुढे जात नाही. टिंब टाकलं की जातं. मी नाही टाकलं तर ह्यांचं काम व्हायचं नाही."

काकांनी मदत केली होती. त्या मदतीचं टिंब डेटाबेसमध्ये गेलं, तिथून छापील प्रमाणपत्रावर आलं आणि आता ते मावशींचं आडनाव होऊन बसलं होतं. मी ठरल्याप्रमाणे त्या अकरा ओळी लाइव्ह केल्या असत्या तर काकांचा तो चोरदरवाजाही बंद झाला असता. मावशींना अर्जच करता आला नसता आणि माझा रकाना मात्र स्वच्छ दिसला असता.

त्या दिवसापासून पुढची चौदा वर्षं मी जे काम करते आहे त्याचं नाव कार्डावर निरनिराळं छापलं गेलं. सॉफ्टवेअर रचनाकार, सल्लागार, प्रमुख. काम तेच: लाल तारा दिसला की तो कुणी, कधी आणि कशासाठी लावला ते शोधायचं.

एकच नाव असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. इंडोनेशियाचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष, सुकार्नो आणि सुहार्तो, एका नावाचेच. अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' अशी अक्षरं छापलेली माणसं जगभर सापडतात. 'फर्स्ट नेम अननोन', पहिलं नाव अज्ञात, याचं ते लघुरूप. नाव अज्ञात कुठे होतं? माणसाला ते ठाऊक होतं, त्याच्या आईला ठाऊक होतं. फॉर्मला दोन खाने भरून हवे होते एवढंच. एका देशाच्या यंत्रणेनं तीन अक्षरं छापली, आमच्या काकांनी टिंब दाबलं.

आता शोध सुरू झाला. आडनाव अनिवार्य आहे हे कुठे लिहिलंय? मी मूळ अधिनियम काढला. त्यात 'अर्जदाराचे नाव' एवढंच. नियमावलीत 'पूर्ण नाव'. जुन्या कागदी अर्जाचा नमुना सापडला, त्यावर एक लांब रेघ आणि शेजारी 'नाव'. रेघेवर कुणी तीन शब्द लिहो, कुणी एक. परिपत्रकांचे गठ्ठे पालथे घातले. कुठेही आडनाव सक्तीचं केलेलं नव्हतं. पण आमच्या कंत्राटाच्या कागदांत मात्र तक्त्यात स्वच्छ लिहिलेलं: आडनाव, २० अक्षरं, अनिवार्य. ते कुठून आलं विचारलं तर उत्तर मिळालं, आधीच्या सिस्टिममध्ये तसं होतं.

आधीची सिस्टिम कोबोलमध्ये होती. कोबोल ही १९५९-६० मध्ये आकाराला आलेली संगणकाची भाषा. ती अजून किती ठिकाणी धडधडते आहे याची जाणीव जगाला २०२० च्या एप्रिलमध्ये झाली, जेव्हा महामारीत बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला आणि न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर साद घालावी लागली. अमेरिकेच्या करखात्याची करदात्यांची मूळ नोंदवही १९६० च्या दशकात बांधलेली आहे. लोक या गोष्टी सरकार किती मागासलेलं आहे याचा पुरावा म्हणून सांगतात. मला तसं वाटत नाही. साठ वर्षं रोज रात्री न चुकता हिशेब करणारा कोड कुणीतरी मन लावून लिहिलेला असतो. अडचण भाषेची नसते. तो लिहिताना काय ठरलं आणि का ठरलं हे सांगणारी माणसं निवृत्त होतात, ही अडचण.

आमची ती जुनी सिस्टिम लिहिणारे गृहस्थही निवृत्त झालेले होते. त्यांचा फोन नंबर शोधायला तीन आठवडे गेले. ते आले, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून, वाचायचा चष्मा खिशात. छापलेल्या कोडचे कागद त्यांच्यापुढे ठेवले तर त्यांनी बोटानं ओळी चालत चालत वाचायला सुरुवात केली, जुन्या घरात शिरल्यासारखी. मग एका ओळीवर थांबले.

"हे मीच लिहिलंय," ते म्हणाले. "दर महिन्याला अर्जदारांची यादी छापून वर जायची, आडनावाप्रमाणे लावलेली. ज्यांचं आडनाव रिकामं, ते सगळे यादीत अगदी वर यायचे. पहिल्या पानावर नुसती अर्धी अर्धी नावं. साहेबांना वाटलं छपाई बिघडली. म्हणाले, हे पहिलं पान असं दिसता कामा नये. मग मी आडनाव अनिवार्य केलं. दुपारचं जेवण व्हायच्या आत झालं असेल."

ते थोडा वेळ गप्प राहिले. "आडनाव नसलेला माणूस मग काय करेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही," म्हणाले. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. मी त्यांना सांगितलं की माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, आणि मी तर त्याच्या पुढची कडी लावायला निघाले होते.

छापील यादी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. एका पानाची शोभा राखायला लावलेला तारा मात्र एका सिस्टिममधून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जात राहिला आणि जाता जाता कायद्यासारखा दिसायला लागला. खिडकीवर बसलेल्या माणसाला आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला तो कायदाच असतो. संसदेनं केलेला नियम आणि कुणीतरी दुपारच्या जेवणाआधी केलेला नियम, दोन्ही स्क्रीनवर एकाच लाल रंगात दिसतात.

ही गोष्ट मी कामावर नव्यानं येणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला सांगते. मग त्यांना ऑस्ट्रेलियातली गोष्ट सांगते, कारण तिथे लाल ताऱ्याच्या जागी भागाकार होता.

तिथे सरकारी भत्ता घेणारे लोक दर पंधरवड्याला आपलं उत्पन्न कळवतात आणि त्याप्रमाणे भत्ता ठरतो. २०१६ मध्ये तिथल्या सरकारनं जास्तीचा भत्ता गेलेल्यांना शोधायचं काम यंत्राकडे मोठ्या प्रमाणावर सोपवलं. लोकांनी त्या योजनेला 'रोबोडेट' हे नाव दिलं. यंत्र करखात्याकडून माणसाचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, त्याला २६ नं भागायचं आणि दर पंधरवड्याला एवढे मिळाले असं धरायचं. आता समजा एखाद्या विद्यार्थ्यानं सुट्टीत चार महिने काम केलं आणि उरलेले आठ महिने त्याला काम नव्हतं, म्हणून त्यानं भत्ता घेतला. त्यानं कळवलेलं सगळं खरं. पण भागाकारानं त्याचे चार महिन्यांचे पैसे बारा महिन्यांवर पसरले, आणि ज्या पंधरवड्यांत त्याच्या हातात काहीच नव्हतं त्यांतही यंत्राला उत्पन्न दिसू लागलं. म्हणजे त्यानं खोटं कळवलं, म्हणजे त्याच्यावर देणं. पत्र घरी. तुमचं म्हणणं वेगळं असेल तर काही वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या आणून दाखवा. पूर्वी अशी तफावत दिसली की एखादा कर्मचारी ती तपासून बघायचा, मालकाला विचारायचा. तो माणूस मधून काढून टाकला होता, कारण बचत तिथेच होती.

चार लाखांहून जास्त लोकांना ही देणी लागली. २०१९ मध्ये न्यायालयापुढे ही पद्धत टिकली नाही, पुढच्या वर्षी सरकारला पैसे परत करायचं जाहीर करावं लागलं आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगानं तिला क्रूर म्हटलं, अन्याय्य म्हटलं आणि बेकायदेशीर म्हटलं. त्या पत्रांच्या ताणाखाली काही जणांनी जीव दिला, त्यांच्या आयांनी आयोगापुढे येऊन साक्ष दिली.

मी तो अहवाल वाचत होते तेव्हा माझं लक्ष पुन्हा पुन्हा एका काल्पनिक माणसाकडे जात होतं. कुणीतरी प्रोग्रॅमर, आपल्या डेस्कवर. त्याला लेखी सूचना मिळाली असेल: वार्षिक रक्कम भागिले २६. तो भागाकार त्यानं नीट लिहिला असेल, टेस्टिंग केलं असेल, उत्तर दशांशापर्यंत बरोबर आलं असेल. हे कुठल्या कलमात बसतं असं त्यानं विचारलं असेल का? विचारलं असेल तर त्याला काय सांगितलं गेलं असेल? खासगी कंपनीत असताना मी हा प्रश्न कधीच विचारला नाही, तिथे विचारायची गरजही पडली नाही. चूक झाली तर ग्राहक दुसऱ्या दुकानात जातो. सरकारी खिडकीवर आलेल्या माणसाला दुसरं दुकान नसतं. म्हणून कायदा वाचणं हे या कामातलं निम्मं कौशल्य आहे असं मी मानते. वकिलासारखा नाही वाचता येत, पण 'करील' आणि 'करू शकेल' यांतला फरक कळायला वकील असावं लागत नाही.

बाहेरच्या जगाला आमचं काम दिसतं ते बहुतेक वेळा कोसळतं तेव्हा. १ ऑक्टोबर २०१३ ला अमेरिकेत आरोग्यविम्यासाठी 'हेल्थकेअर डॉट गव्ह' सुरू झालं आणि पहिल्या दिवशी नोंदणी शेवटापर्यंत नेऊ शकलेली माणसं होती सहा. त्या कोसळण्याबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. योजना नुसत्या चाळून बघायच्या असल्या तरी आधी खातं उघडा, अशी अट होती आणि ती बरीच उशिरा घातली गेली होती. त्यामुळे ज्याला फक्त किंमत बघायची होती तोही खातं उघडण्याच्या दारात उभा राहिला आणि ते दारच सगळ्यात कमकुवत होतं. तेही एक लाल ताऱ्याचंच रूप. पुढच्या आठवड्यांत बाहेरून आलेल्या आणि आतल्या इंजिनिअरांनी मिळून ते सावरलं. आधी मोजमाप दाखवणारा फलक लावला, म्हणजे काय चाललंय ते सगळ्यांना एकाच वेळी दिसेल, आणि रोज ठरल्या वेळी उभ्याउभ्या बैठका घेतल्या. पुढच्या एप्रिलपर्यंत केंद्राच्या आणि राज्यांच्या साइट मिळून ८० लाख लोकांनी विमा निवडला. त्या सावरणाऱ्यांपैकी मायकी डिकरसन पुढे २०१४ मध्ये अमेरिकी सरकारच्या नव्या डिजिटल सेवा पथकाचे प्रमुख झाले. अनेकांनी त्या काळात चांगल्या पगाराच्या नोकऱ्या सोडल्या. मला त्यांचं कारण कळतं.

ब्रिटनमध्ये हे काम संकटाविना सुरू झालं, एका पत्रवजा अहवालानं. २०१० मध्ये उद्योजिका मार्था लेन फॉक्स यांनी सरकारला लिहिलं की विखुरलेल्या साइट दुरुस्त करत बसू नका, सगळ्यांसाठी एकच दार करा. २०११ मध्ये पथक उभं राहिलं आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये 'गव्ह डॉट यूके' लाइव्ह गेलं. पुढच्या वर्षी लंडनच्या डिझाइन म्युझियमनं तिला वर्षातलं सर्वोत्तम डिझाइन ठरवलं, तेव्हा पुष्कळांना आश्चर्य वाटलं, कारण त्या साइटवर बघण्यासारखं काही नव्हतं. पांढरी पार्श्वभूमी, काळी अक्षरं. ती अक्षरं मात्र मला फार आवडतात. जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी तिथल्या रस्त्यांवरच्या पाट्यांसाठी घडवलेल्या वळणाची ती नवी आवृत्ती आहे. धावत्या गाडीतून, पावसात, अंधारात, वळण चुकायच्या आत वाचता यावीत म्हणून केलेली अक्षरं. नवरा गेल्यावर त्याचं पेन्शन थांबवायचा फॉर्म भरणारी बाई साधारण त्याच अवस्थेत वाचत असते.

एस्टोनियाचं उदाहरण प्रत्येक बैठकीत कुणीतरी देतंच. २००१ पासून त्यांच्या सरकारी यंत्रणा 'एक्स-रोड' नावाच्या सुरक्षित मार्गानं एकमेकींशी बोलतात आणि तीच माहिती गोळा करायला दुसरा वेगळा डेटाबेस उभारायला तिथे कायद्यानं बंदी आहे. सुंदर व्यवस्था आहे. तसं आमच्याकडे असतं तर मावशींना कागद घेऊन फिरावं लागलं नसतं. पण मी हेही जोडून सांगते की तसं असतं तर त्यांचं टिंब एका सेकंदात सगळ्या कार्यालयांत पोचलं असतं. एस्टोनियाबद्दल मला त्याहून मोलाची वाटते ती २०१७ ची गोष्ट. ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष असल्याचं संशोधकांनी कळवलं, सुमारे साडेसात लाख कार्डं धोक्यात होती, आणि सरकारनं काही दिवसांतच ते स्वतः जगाला सांगितलं. पंतप्रधान पुढे येऊन बोलले. मी त्या बातमीचं कात्रण कितीतरी दिवस डेस्कसमोर लावून ठेवलं होतं.

आमचा लाल तारा काढायला आठ महिने लागले. बदल कोडच्या दोन ओळींचा. पहिली हरकत आली की आडनाव नसलं तर फसवणूक वाढेल. मी विचारलं, टिंबानं ती कशी थांबते? दुसरी हरकत, बाकीच्या विभागांच्या सिस्टिम आडनाव मागतात. ही खरी होती, तिच्यावर दोन महिने गेले, प्रत्येक विभागाच्या माणसाबरोबर बसून. तिसरी हरकत कुणी बोलून दाखवत नव्हतं: आजवर चाललंय ते बदलून उद्या काही झालं तर सही कुणाची?

सही करायची होती त्या अधिकारी बाईंना मी एक दिवस खिडकीमागे घेऊन गेले. भाषण केलं नाही. त्या काकांच्या शेजारी स्टुलावर बसल्या, वही चाळली, सकाळच्या पाळीत तीन वेळा टिंब पडताना पाहिलं. परत आल्यावर त्यांनी फाइल मागवली आणि स्वतःच्या हातानं शेरा लिहिला: अधिनियमात 'नाव' असा शब्द आहे, आडनावाची अट कोणत्याही नियमात आढळत नाही, सबब रकाना ऐच्छिक करण्यास मान्यता. खाली सही, तारीख.

फाइलीला लोक नावं ठेवतात. तंत्रज्ञ तर सगळ्यात जास्त, मीही त्यांतलीच होते. पण तो शेरा मी आजही जपून ठेवला आहे. त्यात काय बदललं ते आहे, का बदललं ते आहे, कशाच्या आधारे आणि कुणी, तेही आहे. कोडमधला बदल नोंदवताना आम्ही 'किरकोळ दुरुस्ती' असं लिहून मोकळे होतो. इस्त्रीच्या शर्टातल्या त्या गृहस्थांनी जर त्या दुपारी असा एक शेरा लिहून ठेवला असता, छापील यादीच्या पहिल्या पानासाठी, तर यादी बंद झाली त्या दिवशी कुणीतरी ताराही काढला असता. तेव्हापासून माझ्या पथकात प्रत्येक अनिवार्य रकान्यापुढे कलम क्रमांक किंवा निर्णय घेणाऱ्याचं पद लिहावं लागतं. दोन्ही नसेल तर तारा लागत नाही. आमच्या एका अर्जातले बरेचसे प्रश्न या एका अटीनं गळून गेले, कारण त्यांचा धनी कुणी सापडेना.

पथकं टिकत नाहीत. अमेरिकेत २०१४ मध्ये सुरू झालेलं '१८एफ' हे सरकारी डिजिटल सेवा बांधणारं पथक २०२५ च्या मार्चमध्ये बंद करण्यात आलं. माझंही पहिलं पथक चार वर्षांनी विसर्जित झालं, खुर्च्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या, आम्ही पांगलो. मित्र विचारतात, एवढं करून काय उरतं? १८एफनं घडवायला हातभार लावलेली साइटच्या मांडणीची सामायिक पद्धत आणि लॉगिनची व्यवस्था आजही तिथल्या कितीतरी खात्यांच्या साइटवर चालते आहे. वापरणाऱ्याला पथकाचं नाव माहीत नाही, माहीत असायचं कारणही नाही. आमच्या इथे तो रकाना ऐच्छिक राहिला. तीनदा सिस्टिम बदलली, तरी राहिला. नवीन कंत्राटदार दर वेळी तो अनिवार्य करू बघतो आणि दर वेळी कुणीतरी शेरा काढून दाखवतं.

जुन्या टिंबांचं मात्र काम बाकी आहे. एक आज्ञा लिहून सगळी टिंबं एका रात्रीत पुसता आली असती. मी ती लिहायलाही बसले होते. मग काका म्हणाले, "ताई, सगळी टिंबं सारखी नाहीत." काही जणांना आडनाव खरंच नव्हतं. काही जणी माहेरचं लावायचं की सासरचं हे ठरवून उद्या सांगते म्हणून गेल्या आणि परत आल्या नाहीत. काही ठिकाणी रांग मोठी होती आणि संध्याकाळ झाली होती. टिंब पुसलं तर ज्याला आडनाव आहे त्याचं ते कायमचं रिकामं राहील, आणि आम्ही पुन्हा एकदा कुणालाही न विचारता नाव ठरवलं असं होईल.

म्हणून विचारायचं ठरलं. प्रत्येकाला पत्र, पत्राबरोबर फोन, फोन लागला नाही तर जवळच्या केंद्रातून निरोप. काका निवृत्त झाले, तरी आठवड्यातून दोन दिवस येतात. त्यांना अजून कितीतरी चेहरे आठवतात. मावशींचं प्रमाणपत्र आम्ही सगळ्यात आधी छापलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं, नावाच्या ओळीवरून अंगठा फिरवला, टिंब होतं त्या जागेपर्यंत नेला आणि विचारलं, "आता इथे काही नको ना लिहायला?"

काका म्हणाले, "नको. एवढंच."

यादीत अजून बरीच नावं आहेत. उद्या दहा वाजता बसायचं आहे.